बूट रूमचे तीन तुकडे करू नका

पुण्यात एकत्र जमून लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे सामने पाहणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

हंगामातला शेवटचा सामना संपल्यावर तुम्ही मतदान घेतलंत, तेव्हा मी तिथे होतो. कोल्हापूरहून सकाळच्या एसटीनं आलो आणि रात्रीच्या गाडीनं परत गेलो. तुमचा तो फळा सातारा मागे पडला तरी डोळ्यांपुढून हलला नाही. त्यावर प्रश्न लिहिला होता : ‘लिव्हरपूलच्या इतिहासातला सर्वांत थोर कोचिंग स्टाफ कोणता?’ त्याखाली सहा नावं होती. शँक्ली, पेझली, फेगन, डॅल्ग्लिश, बेनिटेझ, क्लॉप. चिठ्ठ्या मोजल्या, क्लॉप पहिला आला, जोरदार टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. तीस वर्षांनी लीग जिंकून देणाऱ्या माणसाला टाळ्या द्यायला हात आखडता कोण घेईल?

पण प्रश्न स्टाफचा होता आणि फळ्यावरची सगळी उत्तरं मॅनेजरांची, म्हणजे मुख्य कोचांची होती. एकाच्याही शेजारी त्याच्या सहकाऱ्यांचं नाव नव्हतं. दुसरी चूक मला याहून मोठी वाटते. पहिली तीन नावं ही तीन वेगळी उत्तरं नाहीतच. शँक्ली, पेझली आणि फेगन एकाच स्टाफमध्ये होते, एकाच खोलीत, म्हणजे बूट रूममध्ये, बसायचे. तुम्ही एकाच शेताचे तीन सातबारे काढलेत आणि मग मोठं शेत कुणाचं म्हणून विचारलंत. त्या तिघांची मतं एकत्र केली तर क्लॉपच्या पुढे जातात, हे तुमच्यातल्या एका ताईंनी तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं होतं. मी मतांच्या बेरजेसाठी हे लिहीत नाही. ती खोली काय होती आणि तिच्यात कोण कोण बसायचं, हे माहीत असल्याशिवाय कुणी चिठ्ठी टाकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितो आहे.

डिसेंबर 1959 पासून सुरुवात करतो. लिव्हरपूल तेव्हा इंग्लिश लीगच्या वरून दुसऱ्या पातळीवर, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं, आणि तिथला तो सहावा हंगाम. त्याच वर्षी जानेवारीत वूस्टर सिटी नावाच्या लीगबाहेरच्या संघानं त्यांना एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून बाहेर काढलं होतं. हडर्सफील्ड क्लब सोडून बिल शँक्ली मॅनेजर म्हणून आले आणि पहिलाच सामना घरच्या मैदानावर कार्डिफकडून 4-0 असा हरले. नवा मॅनेजर येतो तो आपली माणसं घेऊन येतो, हा तेव्हाचाही रिवाज होता आणि आजचाही आहे. बॉब पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट हे आधीपासून नोकरीत असलेले लोक आपापलं सामान आवरायच्या तयारीत होते. शँक्लींनी त्यांना एकत्र बसवलं आणि सांगितलं की कुणाला काढणार नाही. बदल्यात निष्ठा मागितली. माझ्याकडे दुसऱ्याची चहाडी घेऊन जो येईल तो स्वतःच घरी जाईल, अशा अर्थाचं ते बोलले. पुढच्या वर्षभरात त्यांनी 24 खेळाडूंना निरोप दिला. स्टाफमधल्या एकालाही नाही.

मला वाटतं, लिव्हरपूलचा पुढचा तीस वर्षांचा इतिहास त्या एका बैठकीत ठरला.

आता ही माणसं कोण ते बघा. पेझली डरहॅमच्या कोळसा खाणींच्या टापूतले. 1939 मध्ये खेळाडू म्हणून लिव्हरपूलला आले आणि लगेच युद्धावर गेले, आफ्रिकेच्या वाळवंटात आणि मग इटलीत. 1950 च्या एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्यांनी शहरातल्याच प्रतिस्पर्धी एव्हर्टनविरुद्ध गोल मारला आणि लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या अंतिम सामन्यातून त्यांनाच वगळण्यात आलं. हा घाव त्यांनी जन्मभर जपला. पुढे एखाद्या खेळाडूला मोठ्या सामन्यातून काढायची वेळ आली तर त्याला काय वाटतंय हे समजून घ्यायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. खेळणं थांबल्यावर त्यांनी पत्रद्वारे फिजिओथेरपीचा अभ्यास केला. मैदानाच्या कडेला उभं राहून नुसत्या चालीवरून ते सांगायचे की या पोराचा गुडघा आज ना उद्या बोलणार आहे.

फेगन लिव्हरपूल शहरातलेच, पण खेळले मँचेस्टर सिटीकडून. शांत, मायाळू, आणि वेळ आली तर कडक. रूबेन बेनेट अ‍ॅबर्डीनचे जुने गोलकीपर, तब्येत घडवणारे वस्ताद. रॉनी मोरन आधी डावे बचावपटू, मग 1966 पासून स्टाफमध्ये. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज. संघ कितीही जिंको, यांचं ओरडणं थांबायचं नाही. लीग जिंकल्यावर पदकांचा खोका आणून ठेवायचा, ज्याचा हक्क आहे त्यानं उचला म्हणायचं, आणि त्याच दमात पुढच्या हंगामाचा सराव कोणत्या तारखेला सुरू होतोय ते सांगायचं, ही मोरनांची आठवण त्या काळचे खेळाडू आजही सांगतात.

याच्या बाहेरचे दोघे तुम्हाला क्वचितच ऐकायला मिळतील, म्हणून त्यांच्यावर जरा थांबतो. जॉफ ट्वेंटीमन 1967 पासून मुख्य स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, होते. गावोगाव छोट्या डिव्हिजनचे सामने बघत फिरायचे आणि वहीत शेरे लिहायचे. स्कनथॉर्पमधून केव्हिन कीगन, नॉर्थअँप्टनमधून फिल नील, पार्टिक थिसलमधून अ‍ॅलन हॅन्सन, चेस्टरमधून इयन रश ही त्यांच्या पायपिटीची कमाई. रश पुढे लिव्हरपूलसाठी 346 गोल मारतो. नील युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेतल्या, 1977, 1978, 1981 आणि 1984 अशा चारही विजयांत मैदानावर असलेला एकमेव खेळाडू. दुसरे टॉम साँडर्स. ते मूळचे शाळेचे हेडमास्तर. आधी पोरांच्या संघाकडे लक्ष द्यायला आले आणि नंतर युरोपातल्या प्रतिस्पर्ध्यांना आधी जाऊन पाहून यायचं काम त्यांच्याकडे आलं. व्हिडिओ मिळायची सोय नव्हती तेव्हा साँडर्स गुरुजी विमानानं जाऊन सामना बघून यायचे आणि दोन ओळींत सांगायचे की कुणाला रोखायचं आणि कुठून घुसायचं. भाराभर सांगितलं की खेळाडू गोंधळतात, हे वर्गात खडू धरलेल्या माणसाला पक्कं माहीत होतं.

आणि ती खोली. अ‍ॅनफिल्ड या क्लबच्या घरच्या मैदानाच्या बोळात, कपडे बदलायच्या खोल्यांच्या जवळ, जिथे खेळाडूंचे बूट टांगलेले असायचे. म्हणून बूट रूम. खिडकीची ऐट नाही, मऊ खुर्च्या नाहीत. बिअरचे क्रेट उपडे घालून त्यावर बसायचं. सामना संपला की पाहुण्या संघाच्या मॅनेजरला आणि त्याच्या सहकाऱ्यांना आत बोलवायचं, ग्लास हातात द्यायचा आणि बोलू द्यायचं. पाहुणा मोकळा होऊन बोलायचा. कोणाचा पाय दुखतोय, खालच्या डिव्हिजनमधला कुठला पोरगा चमकतोय, कोण क्लबवर नाराज आहे. ही मंडळी ऐकून घ्यायची. पाहुणे गेले की खरी बैठक सुरू व्हायची.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे फुटबॉल तालमींतून वाढला. मंगळवार पेठ असो की शिवाजी पेठ, संघ उभा राहतो तो तालमीच्या आधारानं, आणि शाहू स्टेडियमवर सामना संपला की खरा सामना तालमीच्या कट्ट्यावर सुरू होतो. चाळीस वर्षांपूर्वी खेळलेले आजोबा आणि परवा खेळायला लागलेला पोरगा एकाच कट्ट्यावर बसतात. फरक एवढाच की आमच्या कट्ट्यावरचं शहाणपण तिथेच हवेत विरून जातं, आणि त्या खोलीतलं वहीत उतरायचं.

त्या वह्यांबद्दल मला भरभरून लिहायचं आहे. पेझली, फेगन, मोरन रोजच्या सरावाची नोंद ठेवायचे. हवा कशी होती, मैदान ओलं होतं की कडक, काय करून घेतलं, किती वेळ, कोणाचा कुठला स्नायू धरला, तो किती दिवसांनी परत पळू लागला. वर्षानुवर्षांच्या अशा वह्या साठत गेल्या. नोव्हेंबरात संघ मरगळला तर मागच्या वर्षांचे नोव्हेंबर काढून बघायचे. जे आज लॅपटॉपवर आलेख काढून दाखवतात, तेच काम पेन्सिलीनं चाललेलं होतं.

मी स्वतः कोच आहे, म्हणजे सहायक कोच. शाळेच्या मुलांना शिकवतो. शंकू मांडणं, बॉलमध्ये हवा भरणं, कुणाचा घोटा सुजला तर बर्फ लावणं आणि त्याच्या आईला फोन करणं ही माझी कामं. बूट रूमच्या वह्यांबद्दल वाचल्यावर मीही दोनशे पानी वही आणली. दोन पावसाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की पाय मुरगळलेली पाचपैकी चार मुलं मैदानाच्या एकाच कोपऱ्यात पडली होती. तिथे गवताखाली जुन्या चराचा खोलगट पट्टा आहे. वरून काही दिसत नाही. पाऊस पडला की तिथे चिखल धरतो आणि पाय आत जातो. आम्ही पाठशिवणीचा सराव तिथून हलवला आणि गेल्या पावसाळ्यात एकही घोटा सुजला नाही. लिव्हरपूलच्या त्या म्हाताऱ्यांचं हे माझ्यावरचं ऋण आहे, आणि हे पत्र लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

दुखापतींचा विषय निघालाच आहे तर बसचं सांगतो. खेळाडू अ‍ॅनफिल्डवर कपडे बदलायचे, बसनं मेलवुडच्या मैदानावर सरावाला जायचे आणि सराव झाल्यावर घामेजल्या अंगानं त्याच बसनं परत अ‍ॅनफिल्डला यायचे. अंघोळ आणि जेवण तिथे. बाहेरच्याला हा खुळेपणा वाटायचा. पण सराव थांबणं आणि गरम पाण्यात शिरणं यात चाळीसेक मिनिटांचं अंतर पडायचं आणि अंग हळूहळू निवायचं. 1965-66 च्या हंगामात लिव्हरपूलनं लीग जिंकली तेव्हा 42 सामन्यांत त्यांनी फक्त 14 खेळाडू वापरले. आजच्या काळात एखाद्या संघाच्या बाकावरच त्याच्या जवळपास माणसं असतात. नशिबाचा भाग असेलच, पण इतकी वर्षं नुसतं नशीब पुरत नाही.

सरावातही दिखावा नव्हता. मेलवुडला लाकडी फळ्यांची एक चौकट उभारलेली होती. खेळाडू मधे उभा, बॉल फळीवर आपटून परत येणार, त्यानं तो थांबवायचा किंवा लगेच मारायचा, वळायचं, पुढच्या फळीकडे. दोन मिनिटांत छातीचा भाता व्हायचा. बाकी वेळ पाच-पाच जणांचे छोटे सामने. पास दे आणि मोकळ्या जागेत पळ. एवढंच. युरोपातून कोच बघायला यायचे आणि आपल्यापासून खरा सराव लपवताहेत अशा समजुतीनं परत जायचे.

आता जेरी बर्नची गोष्ट. 1965 चा एफए कपचा अंतिम सामना, समोर लीड्स. सुरुवातीच्या काही मिनिटांतच बर्न एका धडकेत पडला. पेझली धावत गेले, हात लावला आणि ओळखलं की गळपट्टीचं हाड मोडलंय. तेव्हा बदली खेळाडू घ्यायची मुभा नव्हती. बर्न बाहेर गेला तर लिव्हरपूल दहा जणांनी खेळणार. तो मैदानात राहिला. खांद्यात कळा येत होत्या, पण लीड्सला पत्ता लागू द्यायचा नव्हता, म्हणून कुणी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सामना जादा वेळेत गेला. पहिला गोल रॉजर हंटचा, आणि त्याला बॉल दिला होता याच बर्ननं. जवळजवळ 120 मिनिटं तो मोडक्या हाडानं खेळला आणि लिव्हरपूलनं पहिल्यांदा एफए कप उचलला. आजच्या डॉक्टरला हे आवडणार नाही, मलाही माझ्या मुलांच्या बाबतीत ते चालणार नाही. पण खेळाडूचा आपल्या ट्रेनरच्या शब्दावर किती विश्वास असावा लागतो ते यात दिसतं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की ही सगळी मेहनतीची आणि निष्ठेची वर्णनं झाली, डावपेचांचं काय? क्लॉपचा स्टाफ अभ्यासू होता, हे तर जुन्या वळणाचे लोक. म्हणून नोव्हेंबर 1973 कडे या. युरोपियन कपमध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारनं लिव्हरपूलला तिकडे 2-1 हरवलं आणि मग अ‍ॅनफिल्डवर येऊन पुन्हा 2-1 हरवलं. लिव्हरपूल तेव्हा इंग्लंडचे विजेते होते आणि आपल्याच प्रेक्षकांसमोर त्यांना बॉलचा वास मिळत नव्हता. यानंतर त्या खोलीत जी बैठक झाली ती माझ्या लेखी त्यांची सर्वांत मोठी कामगिरी आहे. शँक्ली, पेझली, फेगन, बेनेट, मोरन, साँडर्स. चौदा वर्षं ज्या पद्धतीनं जिंकत आलो ती युरोपात अपुरी पडते, हे त्यांनी मान्य केलं. उंच, दणकट, बॉल लांब भिरकावणारा मधला बचावपटू आता नको असं ठरलं. लॅरी लॉइडची जागा गेली आणि एमलिन ह्यूजच्या जोडीला फिल थॉम्प्सन हा काटकुळा, मूळचा मधल्या फळीतला पोरगा आला. खेळ मागून बांधत न्यायचा, घाई करायची नाही, बॉल आपल्याकडे ठेवायचा.

लक्षात घ्या, हा बदल शँक्लींच्या काळात ठरला आणि त्याची फळं पेझलींच्या काळात आली. 1977 मध्ये रोमला बोरुसिया म्युन्शनग्लाडबाखला 3-1 हरवून पहिला युरोपियन कप आला, तो या बैठकीतून आला. मग तो कप कुठल्या नावाखाली लिहिणार? शँक्ली की पेझली? फळ्यावर तुम्ही दोघांच्या मधे रेघ मारलीत, पण त्या कपावर अशी रेघ मारायला जागाच नाही.

1974 च्या जुलैत शँक्ली अचानक निवृत्त झाले. शहर हळहळलं. पेझलींना मॅनेजर व्हायचं नव्हतं. सहकाऱ्यांनी आणि क्लबनं गळ घातली म्हणून ते तयार झाले. पहिल्या वर्षी एकही मोठा चषक नाही. पुढच्या आठ वर्षांत सहा लीग, तीन युरोपियन कप, एक युएफा कप, तीन लीग कप. 1983 मध्ये ते उतरले आणि वयाच्या 62 व्या वर्षी फेगन बसले. पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तिन्ही. युरोपियन कपचा तो अंतिम सामना रोममध्ये, प्रतिस्पर्धी रोमाच्याच घरच्या मैदानावर, पेनल्टींवर जिंकला. त्याआधी मेलवुडला पेनल्टीचा सराव घेतला तेव्हा पहिला संघ पोरासोरांच्या संघाकडून हरला होता. फेगननी त्यावरून कुणाला धारेवर धरलं नाही. 1985 मध्ये डॅल्ग्लिश मॅनेजर झाले, पण मोरन आणि रॉय एव्हान्स तिथेच होते आणि पेझली सल्ला द्यायला शेजारी. 1986 ला लीग आणि एफए कप दोन्ही.

1964 ते 1990 या काळात 13 लीग विजेतेपदं. मॅनेजर बदलत गेले, बूट रूम चालू राहिली.

एव्हान्सचं नाव आलंय तर तेही सांगतो, कारण माझ्यासारख्याला ते फार जवळचं आहे. 1974 मध्ये ते 25 वर्षांचे होते आणि पहिल्या संघात त्यांना जेमतेम संधी मिळालेली. पेझलींनी त्यांना राखीव संघ सांभाळायला सांगितला. त्या वयात खेळणं सोडायचं म्हणजे काळजाचा तुकडा तोडून द्यायचा. त्यांनी दिला. राखीव संघाला वारंवार सेंट्रल लीग ही राखीव संघांची लीग जिंकून दिली, पहिल्या संघासाठी खेळाडू तयार केले, आणि वीस वर्षांनी, 1994 मध्ये, स्वतः मॅनेजर झाले. खोलीतल्या सर्वांत तरुण माणसाला वीस वर्षांनी गादी मिळते, अशी संस्था फुटबॉलमध्ये मला दुसरी माहीत नाही.

क्लॉपच्या बाजूनं जे बोलायचं ते मीही बोलतो. त्यांचा स्टाफ मोठ्या ताकदीचा होता. 2015 मध्ये ते झेल्को बुवाच आणि पीटर क्राविट्झ या आपल्या सहायकांना घेऊन आले. बुवाचना तर ते संघाचा मेंदू म्हणायचे. पेप लाइंडर्सनी सराव घडवला. जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबातून आहारतज्ज्ञ मोना नेमर आणि फिटनेस कोच आंद्रेआस कॉर्नमायर आले. गोलकीपरांसाठी जॉन आख्टरबर्ग होते. थ्रो-इनसाठी, म्हणजे बाजूच्या रेषेवरून बॉल हातानं आत टाकण्यासाठी, थॉमस ग्रोनेमार्क यांना बोलावलं तेव्हा लोक हसले, आणि नंतर त्याच लोकांनी थ्रो-इन मोजायला सुरुवात केली. एप्रिल 2018 मध्ये, रोमाविरुद्धच्या उपांत्य लढतीच्या मध्यावर, बुवाच निघून गेले. मेंदू गेला म्हणून सगळे घाबरले. तरीही संघ कीव्हच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, पुढच्या वर्षी माद्रिदला चॅम्पियन्स लीग, म्हणजे नव्या नावाचा युरोपियन कप, जिंकला आणि 2019-20 मध्ये 99 गुण मिळवून लीग. याला मोठेपणाच म्हणतात.

माझा एक मुद्दा मलाच अडवतो, तोही सांगतो. मी म्हणतो की स्टाफची परीक्षा प्रमुख माणूस गेल्यावर होते. मग 2024 मध्ये क्लॉप आणि त्यांचे बहुतेक सहकारी गेले आणि नवे मॅनेजर आर्ने स्लॉट यांनी पहिल्याच वर्षी लीग जिंकली, ही परीक्षा क्लॉपचा स्टाफ पास झाला असं का म्हणू नये? मी यावर बरेच दिवस विचार केला. त्यांनी मागे घडलेला संघ ठेवला, सवयी ठेवल्या, त्याचं श्रेय त्यांना आहेच. पण माणसं गेली. सराव घेणारे, नोंदी वाचणारे हात बदलले. स्लॉट आपले सहकारी घेऊन आले आणि आपल्या पद्धतीनं खेळले. 1974 मध्ये जे झालं ते वेगळं होतं. तिथे मॅनेजर गेला आणि बाकी सगळे दुसऱ्या दिवशी त्याच क्रेटवर येऊन बसले. म्हणून माझं मत बूट रूमलाच.

बेनिटेझ आणि डॅल्ग्लिश यांच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. बेनिटेझच्या संघानं 2005 मध्ये इस्तंबूलला जिंकलेली चॅम्पियन्स लीग आपण कुणीच विसरणार नाही, पण स्टाफ म्हणून तुलना लांबची आहे.

बूट रूममध्ये सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. शँक्ली निवृत्तीनंतरही मेलवुडला यायचे. खेळाडू सवयीनं त्यांनाच ‘बॉस’ म्हणायचे आणि पेझली अवघडून जायचे. शेवटी त्यांनी येऊ नये असं सुचवण्यात आलं. ज्यानं ही सगळी इमारत उभी केली त्या माणसाला एव्हर्टनच्या सराव मैदानावर जास्त आपुलकी मिळाली, हे त्यांनी स्वतः बोलून दाखवलं. याचा दोष कुणाला द्यावा ते मला अजून कळलेलं नाही, पण वाचलं की घशात आवंढा येतो. आणि 29 मे 1985. ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी 39 जणांचे प्राण गेले. फेगन निवृत्त व्हायचं ठरवूनच तिथे गेले होते. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या विमानतळावर, सहकाऱ्याच्या आधारानं चालत, डोळे पुसणारा तो म्हातारा माणूस फोटोत दिसतो. त्या फोटोकडे मला फार वेळ बघवत नाही.

1993 मध्ये पत्रकारांसाठी जागा हवी म्हणून ती खोली पाडली. मोरन तेव्हाही क्लबमध्येच होते. त्याच्या आदल्या वर्षी तेव्हाचे मॅनेजर ग्रॅम सूनेस हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठत होते, तेव्हा एफए कपच्या अंतिम सामन्याला संघ घेऊन वेम्बलीच्या मैदानात उतरले ते मोरन. 1998 मध्ये ते निवृत्त झाले. पोरवयापासून धरलं तर जवळजवळ पन्नास वर्षं एकाच क्लबमध्ये. तुमच्या फळ्यावर त्यांचं नाव नव्हतं, हे मला सर्वांत जास्त लागलं. आमच्याकडेही बक्षीस समारंभात मुख्य कोचला नारळ मिळतो आणि बर्फाची पिशवी धरणारा मांडवाच्या खांबाजवळ उभा असतो. त्याला नारळ नको असतो. नाव पुकारलेलं मात्र हवं असतं.

तर माझी विनंती अशी. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी हे मतदान पुन्हा घ्या. शँक्ली, पेझली आणि फेगन या तीन नावांच्या जागी एकच लिहा, ‘बूट रूम’, आणि त्याच्यापुढे सगळी नावं लिहा : बिल शँक्ली, बॉब पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट, रॉनी मोरन, टॉम साँडर्स, जॉफ ट्वेंटीमन, रॉय एव्हान्स. क्लॉपच्या नावापुढे त्यांच्या सहकाऱ्यांची नावं तशीच लिहा, बेनिटेझच्याही. मत टाकायच्या आधी कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवा. मग क्लॉपचा स्टाफ जिंकला तरी मला एका शब्दानं तक्रार करायची नाही.

दिवस आधी कळवा, मी सकाळच्या एसटीनं येतो. फळ्यावर एवढी नावं मावणार नाहीत, म्हणून येताना पुठ्ठा आणि जाड पेन घेऊन येईन.

तुमचाच,
शाळेच्या संघाचा एक सहायक कोच
कोल्हापूर